भाड्याचा हॉल, ५,००० रुपये आणि दिवाळीला येणारी आजी (नाशिक)

उंबरठा | ३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, जूनपासून पाथर्डी फाट्याला भाड्याच्या वन बीएचकेत राहतोय, मी आणि नवरा. हॉल १० बाय १४ चा. त्यात सध्या एक सहा बाय चारची गादी, एक प्लास्टिकची खुर्ची आणि ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर बसलेला टीव्ही, एवढाच संसार. दिवाळीला आई-बाबा येतायत. परवा आजीपण तयार झाली. आईने फोनवर विचारलं, "अगं, पण बसायचं कुठे?" म्हटलं, बघते.

बजेट ५,००० रुपये. त्यापुढे एक रुपया नाही, डिपॉझिटनेच कंबर मोडलीय. घरमालकांची अट: भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रंग चालेल म्हणाले, पण फिका. एका भिंतीला खालून ओल आहे, तिचे पोपडे रोज झाडूत येतात.

गेल्या रविवारी व्हिडिओ बघून जोशात हॉबीच्या दुकानात गेले. मॅक्रमेची (दोरीला गाठी मारून भिंतीवर लटकवायची शोभा करतात ना, ती) दोरी, काठी, लाकडी मणी, ग्लू गन असं टोपलीत टाकत गेले आणि बेरीज १,१५० वर पोचली. मान वर केली तर काउंटरच्या मागे तयार मॅक्रमे लटकत होतं, ४५० ला. टोपली तिथेच ठेवून आले.

तर असं काहीतरी सुचवा जे खरोखर स्वस्तात होतं. बसायची सोय हवी, ४ फुटी खिडकीला पडदे हवेत (रॉड आहे), एखादा दिवा, आणि जिथे सोफा येईल त्याच्या मागची भिंत. काय कुठे मिळतं तेही लिहा. मी जळगावची, नाशिक अजून अंगवळणी पडलेलं नाही.

सातपूरकर | ३ ऑक्टोबर, रात्री १०:१५

ताई, सोफ्याचं टेन्शन नका घेऊ. सातपूर-अंबडला कंपन्यांचा माल ज्यावर येतो ते लाकडी पॅलेट भंगारवाल्यांकडे ढिगाने पडलेले असतात. माझ्याकडे चार आहेत, २५० ला एक पडलं होतं. साधारण ४ फूट बाय सव्वातीन फूट असतं. दोन शेजारी ठेवले की तुमच्या सहा बाय चारच्या गादीला पुरून वर सहा इंच उरतात. त्यावर चहाचा कप राहतो.

पण एकावर एक असे दोन थर करा, नाहीतर जमिनीवर बसल्यासारखंच होतं. दोन थरांची उंची ११ इंच, गादी ५ इंची असेल तर १६ झाली. खुर्चीची बैठक १७-१८ ची असते, म्हणजे चालून जातं.

आता महत्त्वाचं. पॅलेटच्या ठोकळ्यावर शिक्का बघा. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं आणि शेजारी अक्षरं. एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवून कीड मारलेली असते, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका, कितीही चांगलं दिसलं तरी. शिक्काच नसेल तर वास घ्या. ऑइलचा किंवा केमिकलचा वास आला की पुढचं बघा. डाग धुऊन निघतील म्हणतो तो भंगारवाला, निघत नाहीत.

हिशोबी_माणूस | ३ ऑक्टोबर, रात्री १०:५२

नेहमीचा विषय, म्हणून नेहमीचाच प्रश्न. स्वतःच्या वेळेचे पैसे धरता का कोणी? पॅलेट आणायचे, घासायचे, वॉर्निश मारायचं, तीन रविवार गेले. त्यात सेकंड हॅन्ड सोफा येतो. जुना लाकडी दिवाण तीन हजारांत मिळतो, मी स्वतः घेतलाय.

सातपूरकर | ३ ऑक्टोबर, रात्री ११:०४

आणि ढेकूण त्याच्यासोबत फुकट मिळतात, भो.

गोदाकाठची | ४ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

उंबरठा, बाजारात जाण्याआधी तुझ्या आईला फोन कर आणि माळ्यावरची ट्रंक उघडायला सांग. मी ६३ वर्षांची आहे, पंचवटीत तीन घरं मांडली आणि मोडली, पडद्याला आजवर कापड विकत घेतलेलं नाही. साड्यांचे पडदे.

गणित सांगते. साडी साडेपाच मीटरची, म्हणजे २१६ इंच. मधोमध कापली की १०८ चे दोन तुकडे. रॉडपासून जमिनीपर्यंत ७ फूट, म्हणजे ८४ इंच. वर नेफ्याला ४, खाली दुमडायला ४, झाले ९२. प्रत्येक तुकड्यातून १६ इंच उरले, त्यात पंधरा इंची उशीच्या अभ्र्याची एक बाजू निघते. आता रुंदी. साडीचा पन्हा ४५ इंच, दोन पडद्यांचे मिळून ९०. तुझी खिडकी ४८ ची. पडद्याला झोळ पडायचा तर खिडकीच्या दीडपट ते दुप्पट कापड लागतं, तेही बसलं. एका खिडकीला बरोब्बर एक साडी.

सुती घे. सिंथेटिक घेतलीस तर संध्याकाळी दिवा लावल्यावर समोरच्या बिल्डिंगला तुझं घर दिसेल. खिडकी पश्चिमेला असेल तर मागून जुन्या चादरीचं अस्तर लाव, नाहीतर दोन उन्हाळ्यांत साडी विटून जाईल. काठ उभे आले पाहिजेत हे शिंप्याला दोनदा सांग. एकदा सांगून भागत नाही.

रानजाई | ४ ऑक्टोबर, सकाळी ९:११

गोदाकाठची, पडद्याचं गणित वहीत उतरवून घेतलंय. माझ्याकडे आजीची जुनी पैठणी आहे, जर निघत चाललीय. तिचे पडदे छान दिसतील का?

गोदाकाठची | ४ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

कापलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

थट्टा नाही करत. रेशीम उन्हात कुजतं. खिडकीत वर्षभर राहिलं की बोटाने दाबलं तरी फाटतं. पदर धड असेल तर येवल्याला घेऊन जा, तिथले विणकर जुना पदर बघून सांगतील त्यात काय राहिलंय. भिंतीवर लावायचाच असेल तर पदर मऊ सुती कापडावर टाके घालून बसव आणि फ्रेम कर, पण ऊन येत नाही अशा भिंतीवर. डिंक किंवा फेविकॉल लावू नकोस. तो पिवळा पडतो आणि रेशमालाही पिवळं करतो.

नवशिका_४२ | ४ ऑक्टोबर, दुपारी १:४५

नाशिकमध्ये वाइनच्या बाटल्यांना काय तोटा! बाटलीला दोरा गुंडाळायचा, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवून पेटवायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायची. मधोमध तुटते. ग्लास, दिवे, कुंड्या, काय हवं ते.

मुंगी_उडाली | ४ ऑक्टोबर, दुपारी २:२०

नवशिका, मी केलेत हे उद्योग. सहा बाटल्यांतली एक सरळ तुटली. चौघींना वेड्यावाकड्या चिरा गेल्या आणि सहावीने डाव्या अंगठ्याला चार टाके घातले. त्यात बंद बाल्कनीत रिमूव्हर पेटवलेलं, पडदा थोडक्यात वाचला. तुटली तरी कडा इतकी धारदार असते की ओला पॉलिश पेपर घेऊन तासभर घासावी लागते, आणि त्या काचेचा चुरा नाकात जाऊ द्यायचा नाही. अख्खी बाटली काय वाईट आहे? तीत लाइटची बारीक माळ सोडा.

लेबल काढायला रात्रभर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवून ठेवा. उरलेल्या चिकटावर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा एकत्र करून चोळा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. सुरीने खरवडलं की काचेवर ओरखडे येतात.

मोहाडीचा_शेतकरी | ४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

बाटल्या बघितल्या, द्राक्षाची काडी कोणालाच दिसली नाही का? आमच्याकडे आता ऑक्टोबर छाटणी सुरू होतेय. दिंडोरी, निफाड, जिकडे जाल तिकडे बांधावर काड्यांचे ढीग लागतील. पेटवूनच देतो आम्ही, नाहीतर कुट्टी करून बागेत टाकतो. मागितल्या तर कोणीही देईल, पैसे घेणार नाही. फक्त न विचारता बागेत शिरू नका.

काडी छाटल्या दिवशी वाकते, आठ दिवसांनी मोडते. म्हणून ताजी घ्या. मागच्या वर्षी माझ्या मुलीने गोल कडी करून दाराला तोरण केलं होतं. बादलीभोवती काडी गुंडाळायची, दुसरी तिच्यातून आत-बाहेर ओवायची, पाच-सहा झाल्या की कडं आपोआप धरून राहतं. तार नको, दोरा नको. काडीच्या शेंड्याला जे पीळदार तंतू असतात ते कापू नका, शोभा तेच देतात.

आणि धुवून घ्या. बागेला वर्षभर फवारण्या होतात. बोर्डोचा निळसर थर सालीवर दिसेल, तो मोरचूद-चुन्याचा. ब्रशने घासा, पाणी दोनदा बदला, तीन दिवस कडक उन्हात वाळवा. सालीखाली पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग, ती काडी टाकून द्या. घरात कुंड्या असतील तर त्यांच्यावर जातो.

उंबरठा | ४ ऑक्टोबर, रात्री ९:०२

अहो हे भारीच! नवऱ्याचा मित्र पिंपळगावचा आहे, त्याला आत्ताच फोन केला. तो विचारत होता, "काड्या कशाला, चुलीला का?"

भिंतीचं पण सांगा ना कोणी. पोपड्यांवर वॉलपेपर लावला तर?

वखारवाला | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:००

वॉलपेपर लावलात तर तीन महिन्यांत त्याच्यामागे काळी बुरशी दिसेल. प्लायवूड ठोकलंत तर वाळवी. ओल झाकायची नसते. आधी बघा पाणी कुठून येतंय. पलीकडे बाथरूम आहे का? टाइलच्या फटी भरल्या तरी अर्धं काम होतं, आणि ते घरमालकाचं काम आहे, तुमच्या ५,००० मधलं नाही. त्यांना फोटो पाठवा.

तोवर तेवढा पट्टा चुन्याचा करा. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट ओल कोंडून ठेवतो आणि फुगून सुटतो. चुन्यातून ती बाहेर पडते. पण चुना जुन्या प्लास्टिक पेंटवर धरत नाही, म्हणून पत्र्याने खरवडून प्लास्टरपर्यंत जा.

कळीचा चुना (न विझवलेले खडे) घेतलात तर लोखंडी बादली वापरा. तो पाण्यात अक्षरशः उकळतो, प्लास्टिकची बादली मऊ पडते. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. डोळ्याला चष्मा. रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या धोतराने गाळा. चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक किंवा फेविकॉल घाला, नाहीतर टेकणाऱ्याची पाठ पांढरी होते. भिंत आधी पाण्याने ओली करा आणि पातळ हात मारा. पहिला हात मारल्यावर वाटेल काहीच लागलं नाही. ओला चुना पारदर्शक दिसतो, वाळला की पांढरा पडतो. घाबरून जाड थर देऊ नका, तडकतो. तीन पातळ हात.

सुरगाण्याची_सून | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

सोफ्यामागच्या भिंतीला वारली काढा असं कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच लिहिते. भाड्याच्या भिंतीला गेरू फासू नका. गेरू एकदा मुरला की वर फिक्या रंगाचे चार हात दिले तरी गुलाबी डोकावतो. अडीच बाय दोन फुटांची फळी किंवा जुन्या कपाटाची पाठ घ्या, तिला गेरू लावा. नुसता पाण्यात कालवलेला गेरू हाताला सुटतो, त्यात फेविकॉल घाला. आमच्याकडे शेणाने सारवलेल्या कुडावर तो तसाच धरतो, फळीवर नाही.

पांढरं तांदळाच्या पिठाचं. घरात झुरळं असतील तर पीठ चाटून जातात, त्यांच्यासाठी पांढरा पोस्टर कलर. बांबूची काडी टोकाला चावून मऊ करायची, तोच ब्रश. माणूस काढायला वर एक उलटा त्रिकोण, खाली एक सुलटा, दोन्ही टोकाला टोक. डोकं त्या मानाने छोटं ठेवा, बहुतेक जण मोठं काढतात आणि मग चित्र लहान मुलांच्या वहीतलं वाटतं.

एक विनंती. मधला देवीचा चौक शोभेला काढू नका. तो लग्नात काढायचा असतो, आमच्या सवासिणी काढतात. नाचाचा फेर, तारपा वाजवणारा, ताडीचं झाड, मुंग्यांची रांग, काढायला पुष्कळ आहे. जिव्या सोमा म्हसे यांना याच कामासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं नीट निरखा. रिकामी जागा किती सोडलीय तेही बघा.

उंबरठा | ५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

कळलं, चौक नाही काढणार. तारपावाला नक्की.

आईला फोन केला. ट्रंकेत दोन सुती साड्या निघाल्या आणि आजीने माझ्या जन्माच्या वेळी शिवलेली गोधडी. ती मी भिंतीवर लावणार म्हटल्यावर आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "गोधडी? भिंतीला? भिंतीला थंडी वाजते का?"

गोदाकाठची | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

आईचं बरोबर आहे, पण तुझंही चूक नाही. जुन्या गोधडीचा धावदोरा भिंतीवरच नीट दिसतो. आमची आई काठापासून सुरुवात करायची आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायची, शेवटचा टाका मधोमध. तुझी बघ, मध्यावर गाठ सापडते का.

खिळे किंवा चिमटे लावू नकोस, वजनाने फाटेल. मागच्या बाजूला वर कापडाचा नेफा शिव, टाका सगळ्या थरांतून घे, आणि त्यात काठी सरकव.

येवल्याचा_पतंग | ६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

दिव्याचं कोणी बोललंच नाही. आसारी! आमच्या येवल्यात प्रत्येक घरात माळ्यावर दोन-चार जुन्या आसाऱ्या पडलेल्या असतात. नाशिककरांना सांगायला नको, पण जळगावच्या ताईंसाठी: मांजा गुंडाळायची ती बांबूच्या पट्ट्यांची फिरकी. दांडी काढून टाकायची, मधल्या पोकळीत ५ वॉटचा एलईडी बल्ब सोडायचा. पट्ट्यांच्या सावल्या भिंतीभर उभ्या पडतात. काहीही रंगवू नका, वापरून वापरून बांबूला जो मधाचा रंग आलेला असतो तो डब्यातून मिळत नाही.

बल्ब एलईडीच हवा. जुना पिवळा बल्ब लावला तर बांबू करपतो. मांजाचे तुकडे राहिले असतील तर हातमोजे घालून काढा.

हिशोबी_माणूस | ६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

ही आयडिया मात्र मानली.

उंबरठा | १९ ऑक्टोबर, रात्री ११:३०

दोन रविवारांचा वृत्तांत.

पॅलेट आणले. सातपूरकर, तुम्ही म्हणालात तो एमबीचा शिक्का खरंच दोनांवर होता, भंगारवाला तेच पुढे करत होता. एचटीवाले खालून उपसून काढायला लावले. छोटा हत्ती केला, तिसऱ्या मजल्यावर नवरा आणि त्याचा मित्र घेऊन आले, एक जिन्यात अडकलं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, मग १२० ने. सगळ्या हॉलभर पिवळा भुसा. तरीही एक सल राहिली, ती नेमकी माझ्या मांडीला सापडली. सपाट भागांपेक्षा कडा आणि खिळ्यांच्या आजूबाजूला जास्त घासा, सल तिथेच असते.

काड्या! पिंपळगावहून बुलेटवर भारा बांधून आणल्या आणि मी मूर्खासारख्या बाल्कनीत आठवडाभर ठेवल्या. मोडल्या, जशा मोहाडीच्या काकांनी सांगितल्या होत्या तशाच. मग उरलेल्या बाथरूमच्या टबात रात्रभर बुडवल्या. सकाळी पाणी निळसर आणि तळाला गाळ. घासल्या, वाळवल्या, परत भिजवल्या तेव्हा कुठे वाकल्या. दोन कडी झाली. एक गोल आहे. दुसरं जळगाव जिल्ह्याच्या नकाशासारखं दिसतं, ते आत बेडरूममध्ये लावलंय.

आणि गोधडी पडली. रात्री दोन वाजता. चिकटवायचे हुक आणले होते चार, पाकिटावर लिहिलं होतं दोन किलो पेलतो. गोधडी काठीसकट पावणेतीन किलो, चार हुकांना काय जड, असा माझा हिशोब. हुकाने गोधडी धरली हो. डिस्टेंपरने हुक नाही धरला. चार पत्रावळींएवढे पोपडे भिंतीवरून खाली. घरमालकांना सांगितलेलं नाही, इथे कोणी पाथर्डी फाट्याचं असेल तर कृपया गप्प बसा.

वखारवाला | २० ऑक्टोबर, सकाळी ७:४५

पाकिटावरचं वजन टाइल आणि काचेसाठी असतं. डिस्टेंपर म्हणजे खडू, त्याला काय चिकटणार. पोपडे निघालेत तिथे पुट्टी भरा, वाळली की २२० ने घासा आणि त्याच छटेचा रंग ब्रशने न देता स्पंजने थापा, कडा दिसत नाही.

गोधडीसाठी भिंत कशाला पाहिजे? बांबूची शिडी करा. दोन उभे बांबू, पाच आडवे, सुतळीने बांधलेली. भिंतीला टेकवून ठेवा, वरच्या दांड्यावर गोधडी टाका. बुरुडाकडे बांबू मिळेल, पण नीट बघून घ्या. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा लागलाय. ओल्या हिरव्या बांबूला जास्त लागतो, त्यात साखर असते. जुने लोक बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचे ते त्यासाठीच. तुम्ही बोरॅक्स आणि बोरिक पावडर पाण्यात विरघळवून ब्रशने दोन-तीन हात द्या, कापलेल्या टोकांना जास्त. लहान मुलं असतील तर वाळून वॉर्निश होईपर्यंत लांब ठेवा.

रानजाई | २० ऑक्टोबर, सकाळी १०:१२

पैठणी कापली नाही हं. फ्रेमला दिलीय.

गोदाकाठची | २० ऑक्टोबर, सकाळी १०:२०

शहाणी माझी बाय.

उंबरठा | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१८

झालं. हिशोबी_माणूस, तुमच्यासाठी पै-पैचा हिशोब. चार पॅलेट १,०००, गाडी ४००, पॉलिश पेपर आणि वॉर्निश ४२०. पडदे शिवायला ३०० आणि रिंगा १२० (काठ उभे आले, दोनदा सांगितलं होतं). चुना, नीळ, ब्रश १७०. दोन बल्ब, होल्डर, वायर, पिना ४६०. आसारी येवल्याच्या ओळखीतून फुकट. काड्या फुकट, पेट्रोल १५०. बांबू आणि सुतळी ३५०. फळी, गेरू, पोस्टर कलर ३२० (झुरळं आहेत). वाया गेलेले हुक २४०. आणि आजीसाठी एक जुनी वेताची खुर्ची ८००, कारण १६ इंचांच्या सोफ्यावरून तिचे गुडघे तिला उठू देणार नाहीत हे बाबांनी फोनवर शांतपणे लक्षात आणून दिलं. एकूण ४,७३०. घरमालकांनी बाथरूमच्या फटी स्वखर्चाने भरून दिल्या.

वेळ: पाच रविवार. त्याचे पैसे धरलेले नाहीत आणि धरणारही नाही, नाहीतर ते रविवार मॉलमध्ये गेले असते आणि तिथे ५,००० ला दोन चकरा होतात.

हिशोबी_माणूस | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३३

२७० उरले. मिसळ खा दोघं. खुर्चीचा निर्णय योग्य, वेताची असेल तर खालून विणकाम तपासा.

मोहाडीचा_शेतकरी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नकाशासारख्या कड्याचा फोटो टाका.

उंबरठा | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

पाहुणे आहेत अजून, म्हणून उशीर.

आईने आल्या आल्या पडद्याचा काठ हातात घेतला आणि ओळखला. ती साडी तिने माझ्या बारशाला नेसली होती म्हणे, मला माहीतच नव्हतं. बाबा सोफ्याखाली वाकून पॅलेटचा शिक्का वाचत होते. तारपावाल्याकडे बघून आजी म्हणाली, "ह्याचं डोकं लहान झालंय." सुरगाण्याच्या ताई, मी काही बोलले नाही.

दुसऱ्या रात्री थंडी होती. सकाळी उठून बाहेर आले तर शिडी रिकामी. गोधडी आजीच्या अंगावर. मी विचारलं, आजी, तुला पांघरूण कमी पडलं का, मागायचंस ना. ती म्हणाली, "मागायचं काय त्यात, वाळत घातलेली दिसली, वाळली होती, घेतली." मग बोटाने चाचपत मध्यावरची गाठ मला दाखवली. गोदाकाठची, होती गाठ, लाल दोऱ्याची.

शिडीवर सध्या बाबांचा पंचा आहे.